शोभेची केळी: ओळख, घरगुती लागवड आणि बागायती पट्ट्यात घ्यायची काळजी

नांदेड आणि लातूरमध्ये नवीन घरांच्या अंगणात, बंगल्याच्या फाटकाजवळ आणि गच्चीवरील मोठ्या कुंड्यांत शोभेची केळी दिसू लागली आहे. रुंद पाने, गुलाबी किंवा लाल कमळ आणि कमी जागेत येणारी वाढ यामुळे रोपवाटिकांत तिला मागणी आहे. पण आपला भाग केळीचाही आहे. अर्धापूर आणि मुदखेड तालुक्यांत ऊर्ध्व पैनगंगा (इसापूर) प्रकल्पाच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत आणि अर्धापुरी केळीला बाजारात स्वतःचे नाव आहे. शोभेची केळी ही त्याच कुळातली असल्याने बागेतली कीड तिच्यावर येते आणि बागेतला रोगही तिला लागू शकतो. बागेतील रोगट झाड शेतकरी लगेच उपटतो. अंगणातले झाड मात्र हौसेने जपले जाते आणि त्यावरचा रोग वर्षभर तसाच राहतो.

म्हणून या लेखात लागवडीइतकाच भर ओळखीवर दिला आहे. आपण घेतो ते रोप नेमके कोणते, ते कुठून आले आणि पानावरचे पट्टे जातीचे की रोगाचे, या तीन गोष्टी समजल्या तर ही केळी घरी लावायला हरकत नाही.

१. ही खरोखर केळीच आहे का?

रोपवाटिकेत 'फुलकेळी', 'शोभेची केळी' किंवा 'बनाना प्लांट' या नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

- चीक: जुन्या पानाचा देठ थोडा मोडून पांढऱ्या कापडाला लावावा. केळीच्या कुळातील झाडातून चीक येतो आणि कापडावर वाळल्यावर तपकिरी डाग पडतो. हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅराडाइज, पंख्यासारखा दिसणारा ट्रॅव्हलर्स पाम आणि कर्दळ यांत असा चीक नसतो.
- पानांची मांडणी: केळीची पाने खोडाभोवती फिरत, सर्व बाजूंनी निघतात. हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅराडाइज आणि ट्रॅव्हलर्स पामची पाने फक्त दोन बाजूंना, समोरासमोर येतात. ट्रॅव्हलर्स पामचा उघडलेला पंखा याच मांडणीमुळे दिसतो.
- पिले: म्युसा वंशातील केळी बुंध्याशी पिले (मुनवे) देते. सह्याद्रीतील रानकेळ, म्हणजे एन्सेटे सुपर्बम, पिले देत नाही. तिचा बुंधा तळाशी फुगलेला असतो. ती एकदाच फुलते, फळते आणि मरते. पुढचे झाड बियांपासूनच येते.
- फुलोरा: खाण्याच्या केळीचे कमळ खाली लोंबते. शोभेच्या बहुतेक जातींचा फुलोरा सरळ वर उभा राहतो. फळे लहान असून त्यांत कठीण काळ्या बिया असतात.

रानकेळ कोकण आणि घाटमाथ्यावरच्या खडकाळ उतारांवर वाढते. पावसाळ्यात तिची पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती कंदापर्यंत वाळते. जंगलातून कंद खोदून आणू नयेत. फुलण्यापूर्वी कंद काढला की ते झाड बी न देताच संपते.

२. घरी लावण्याजोग्या जाती

गुलाबी मखमली केळी (म्युसा वेलुटिना): ईशान्य भारतातील मूळ जात. उंची साधारण ४ ते ६ फूट. फळे गुलाबी, मखमली लवीची असतात आणि पिकल्यावर साल आपोआप उलगडते. चांगल्या व्यवस्थापनात वर्षभरात फुलोरा येऊ शकतो. कुंडीसाठी आणि लहान अंगणासाठी आपल्याकडे हीच सर्वांत सोयीची आहे. फळातील गर खाता येतो, पण बिया इतक्या कठीण असतात की दात दुखावेल. लहान मुलांना देऊ नये.

ओर्नाटा (म्युसा ओर्नाटा): हीसुद्धा ईशान्य भारत, बांगलादेश आणि म्यानमार या भागातली. उंची ६ ते ९ फूट, फुलोरा उभा, आवरणे गुलाबी-जांभळी आणि आतील फुले पिवळसर नारिंगी. फुलदाणीत ठेवण्यासाठी फुलोरा चांगला टिकतो. जमिनीत लावावी.

लाल ठिपक्यांची केळी (झेब्रिना): पानाच्या वरच्या बाजूस गडद लाल ते किरमिजी डाग, खालची बाजू लालसर. ही फुलासाठी नव्हे, पानासाठी लावतात. कडक उन्हात पाने करपतात, म्हणून सकाळचे ऊन व दुपारची सावली द्यावी.

लाल केळी: खोड आणि पानाची मधली शीर लालसर, फळ लाल व खाण्याजोगे. झाड उंच वाढते आणि घड यायला नेहमीच्या केळीपेक्षा जास्त काळ लागतो. जागा असेल तरच लावावी.

कॉक्सिनिया (म्युसा कॉक्सिनिया): दक्षिण चीन व व्हिएतनामकडील जात. लालभडक फुलोरा आकर्षक असला तरी तिला सतत दमट हवा लागते. लातूरच्या एप्रिल-मे महिन्यातील कोरड्या वाऱ्यात ती तग धरत नाही. शिफारस नाही.

खरेदी करताना आणखी एक सावधगिरी घ्यावी. टिश्यूकल्चरच्या साध्या ग्रँड नैन रोपांच्या पहिल्या काही पानांवरही लालसर डाग असतात. झाड वाढले की ते नाहीसे होतात. अशी रोपे 'लाल ठिपक्यांची केळी' म्हणून जास्त दराने विकली जाऊ शकतात. दीड-दोन फूट उंच रोपाच्या नवीन पानावरही डाग आहेत का आणि पानाची खालची बाजू लाल आहे का, हे पाहूनच झेब्रिना घ्यावी.

३. पट्टे जातीचे की रोगाचे?

अर्धापूर तालुक्यात एका घरी मला 'पट्ट्यांची दुर्मिळ केळी' कौतुकाने दाखवण्यात आली होती. पानांवर शिरांना समांतर पिवळ्या रेषा होत्या. नवीन पान अरुंद आणि कडेला मुरडलेले होते. ते झाड दुर्मिळ नव्हते, आजारी होते. घराच्या कुंपणापलीकडे दोन एकर केळी होती. घरमालकाने ते झाड त्याच आठवड्यात काढले, पण तोपर्यंत त्याची दोन पिले नातेवाइकांकडे गेली होती. दोन्ही घरी जाऊन ती काढावी लागली.

हा रोग म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, अर्थात सीएमव्ही. जळगाव भागात त्याला 'हरण्या' म्हणतात. २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल परिसरातील अनेक शेतकऱ्यांना त्यामुळे कोवळ्या बागा उपटाव्या लागल्या. ढगाळ हवामान, सततचा रिमझिम पाऊस आणि माव्याची वाढ अशा काळात तो झपाट्याने पसरतो.

फरक ओळखण्यासाठी पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

- जातीचे डाग: लाल, किरमिजी किंवा पांढरट. प्रत्येक पानावर साधारण सारखे. पानाचा आकार व पोत नेहमीचा. झाडाची वाढ ठीक.
- सीएमव्ही: पिवळसर, तुटक रेषा किंवा ठिपके, शिरांना समांतर. नवीन पाने अरुंद, मुरडलेली. वाढ खुंटते. तीव्र लागण झाल्यास पोंगा सडतो.
- पर्णगुच्छ (बंची टॉप): पाने आखूड, ताठ आणि शेंड्याला गुच्छासारखी जमा होतात. देठावर व मधल्या शिरेवर गडद हिरव्या तुटक रेषा आणि ठिपके दिसतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात.
- लोहाची कमतरता: नवीन पानाचा शिरांमधला भाग पिवळा, शिरा मात्र हिरव्या. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे नेहमी दिसते. हा रोग नाही आणि फवारणीने सुधारतो.
- करपा: जुन्या, खालच्या पानांवर लहान पिवळ्या रेषा, नंतर त्यांचे तपकिरी ठिपके. पान कडेने वाळत जाते. नवीन पान निरोगी असते.

पहिल्यांदा नवीन पान पाहावे. नवीन पानावर पिवळ्या तुटक रेषा आणि सोबत आकारात बिघाड असेल तर विषाणूचा संशय धरावा. खात्री नसेल तर झाड हलवू नये आणि पिले कुणाला देऊ नयेत. पानाचे स्पष्ट फोटो घेऊन केळी संशोधन केंद्र, नांदेड (वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावेत.

विषाणूजन्य रोगावर औषध नाही. तमिळनाडूतील खालच्या पळणी डोंगरात विरुपाक्षी या डोंगरी केळीचे हजारो हेक्टर क्षेत्र पर्णगुच्छामुळे घटले. रोगट पिले एका गावातून दुसऱ्या गावात जात राहिली की असे होते.

४. रोप कुठून आणावे?

- शक्यतो टिश्यूकल्चर रोप घ्यावे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या राष्ट्रीय प्रमाणन योजनेखाली (एनसीएस-टीसीपी) मान्यता असलेल्या प्रयोगशाळांच्या रोपांची विषाणूंसाठी तपासणी होते. रोपवाटिकेला रोपे कोणत्या प्रयोगशाळेची आहेत ते विचारावे आणि पावती घ्यावी.
- वेलुटिना व ओर्नाटा बियांपासूनही येतात. बी १ ते २ दिवस कोमट पाण्यात भिजवून, पाणी बदलत ठेवून, वाळू व गांडूळखताच्या मिश्रणात पेरावे. उगवण सावकाश व पुढे-मागे होते. काही आठवडे धीर धरावा.
- बागेतील पिले अंगणात आणि अंगणातील पिले बागेत, दोन्ही टाळावे. पिलासोबत माती येते आणि मातीसोबत मर रोगाची बुरशी व सूत्रकृमी येतात. मर रोगाची टीआर-४ ही घातक जात देशात बिहार व उत्तर प्रदेशात आढळली आहे. ती जमिनीत अनेक वर्षे टिकते.
- सत्यनारायण, महालक्ष्मी (ज्येष्ठा गौरी) किंवा तुळशी विवाहासाठी आणलेली कंदासह केळी नंतर कुंडीत लावण्याची पद्धत आहे. ती कोणत्या बागेतली हे आपल्याला माहीत नसते. पूजेसाठी कंदाशिवाय कापलेले खांब घ्यावेत. पूजेनंतर ते खड्ड्यात पुरावेत.
- नवीन रोप आणल्यावर ४ ते ६ आठवडे इतर केळीपासून दूर ठेवावे. तीन-चार नवीन पाने निरोगी आली की मगच कायम जागी लावावे.

५. जागा, जमीन आणि लागवड

जागा: भिंतीच्या पूर्वेची बाजू सर्वांत चांगली. सकाळचे ४-५ तास ऊन मिळते आणि पश्चिमेचे तापलेले वारे अडतात. केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात, त्याचे कारणही वाराच आहे. घरी कुंपणाची वेल किंवा ५० टक्के सावलीचे शेडनेट चालेल.

वेळ: जून अखेर ते जुलै (मृगबागेची वेळ) उत्तम. दुसरी वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावल्यास मुळे धरण्याआधीच उन्हाळा गाठतो.

खड्डा: २ × २ × २ फूट. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून कंद कुजतो, म्हणून तळाशी वीतभर मुरूम टाकावा आणि लागवड जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच गादीवर करावी. वरची माती, १० ते १५ किलो चांगले कुजलेले शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि २५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून खड्डा भरावा. दोन झाडांत वेलुटिनासाठी ४ फूट आणि ओर्नाटासाठी ६ फूट अंतर ठेवावे.

कुंडी: १८ ते २० इंचांची कुंडी किंवा अर्धा कापलेला ड्रम. तळाला किमान पाच-सहा छिद्रे. माती, शेणखत आणि वाळू समप्रमाणात. दर दोन वर्षांनी माती बदलावी.

शेजारची पिके: केळीच्या बुंध्याशी काकडी, दोडका, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नये. केळीवर दोडक्याचा वेल चढवणे तर टाळावेच. सीएमव्ही या पिकांवरही राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. बुंध्याभोवती तण ठेवू नये.

६. पाणी

लातूरकरांना पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने शहराला पाणी आणावे लागले होते. म्हणून पिण्याच्या पाण्यावर शोभेचे झाड पोसू नये. आपल्या जुन्या घरांत केळ न्हाणीच्या पाण्यावर लावत, ती पद्धत आजही उपयोगाची आहे.

- भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी थेट चालते. एसीचे पाणीही चालते.
- आंघोळीचे पाणी कमी साबणाचे असेल तर आलटूनपालटून द्यावे. कपडे धुतलेल्या पावडरचे पाणी देऊ नये.
- आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी देऊ नये. त्यात क्षार वाढलेले असतात. बोअरचे पाणी आधीच जड असेल तर पानांच्या कडा करपतात. महिन्यातून एकदा गोडे पाणी भरपूर देऊन क्षार खाली जाऊ द्यावेत.
- जमिनीतील मध्यम आकाराच्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ८ ते १२ लिटर, हिवाळ्यात त्याच्या निम्मे. पावसाळ्यात वरची दोन बोटे माती सुकली तरच द्यावे.
- बुंध्यापासून चार बोटे जागा सोडून उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा किंवा वाळलेल्या पानांचे तीन-चार इंच आच्छादन करावे. उन्हाळ्यात एवढ्यानेच पाण्याची मोठी बचत होते.

टंचाईच्या वर्षी सर्व पाने वाचवण्याचा प्रयत्न करू नये. वरची चार-पाच पाने ठेवून बाकीची कापावीत. तेही शक्य नसेल तर खोड हातभर उंचीवर कापून कंदाला आठवड्यातून दोनदा पाणी द्यावे. कंद जिवंत राहिला तर पावसाळ्यात झाड पुन्हा फुटते.

७. खत आणि देखभाल

- जुलै ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये दर महिन्याला झाडामागे १ किलो गांडूळखत, ३० ग्रॅम युरिया आणि ४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश बुंध्यापासून एक फूट अंतरावर रिंगण करून द्यावे. कुंडीतील झाडाला रासायनिक खताची मात्रा एक तृतीयांश ठेवावी.
- चुलीची राख भरभरून टाकू नये. राख अल्कधर्मी असते आणि आपली जमीनही तशीच आहे.
- लोहाच्या कमतरतेसाठी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी, १० ते १२ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारावे.
- मुख्य खोडासोबत दोनच पिले ठेवावीत. बाकीची लहान असतानाच जमिनीलगत कापावीत. फुलोरा सुकलेले खोड पुन्हा फुलत नाही, ते कापून टाकावे.
- डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरला की वाढ थांबते आणि पाने पिवळसर होतात. या काळात खत देऊ नये. रात्री गोणपाट किंवा शेडनेटने आडोसा करावा.
- छाटणीचा विळा एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना साबणाच्या पाण्याने धुवावा.

८. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे

शेंड्याचे न उघडलेले पान, पानांच्या बेचक्या आणि बुंध्याशी निघालेली पिले पाहावीत. केळीवरचा तपकिरी-काळसर मावा याच ठिकाणी लपतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता मोठी. १ लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून बेचक्यांत पोहोचेल असे फवारावे. आठ दिवसांनी पुन्हा करावे.

विषाणूग्रस्त झाड काढण्याचा क्रम:

१. आधी माव्यासाठी फवारणी करावी. झाड थेट कापले तर मावा उडून शेजारच्या केळीवर जातो.
२. दुसऱ्या दिवशी झाड सर्व पिलांसह, कंद पूर्ण खोदून काढावे. कंदाचा तुकडा राहिला तर त्यातून रोगटच पिलू येते.
३. कंदाचे तुकडे करून उन्हात वाळवावेत, नंतर खोल खड्ड्यात पुरावेत किंवा जाळावेत. उकिरड्यावर, ओढ्यात किंवा जनावरांच्या गोठ्याजवळ टाकू नयेत.
४. त्या जागी दोन महिने केळी लावू नये. नवीन पिलू फुटते का ते पाहत राहावे.
५. शेजारी केळीची बाग असेल तर त्या शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगावे. त्यालाही आपल्या कडेच्या ओळी तपासता येतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घर केळीच्या बागेला लागून आहे. शोभेची केळी लावावी का?
प्रमाणित टिश्यूकल्चर रोप असेल आणि दर आठवड्याला तपासणी होणार असेल तरच. अन्यथा रुंद पानांची हौस बर्ड ऑफ पॅराडाइजवर भागवावी. ते केळीच्या कुळातले नाही.

शोभेच्या केळीचे पान जेवणासाठी वापरता येते का?
हो, पण पाने लहान व पातळ असतात. कीटकनाशक फवारले असेल तर वापरू नये.

शेजारी पिलू मागतात. द्यावे का?
झाड वर्षभर निरोगी असेल तरी माती धुऊन, मुळे छाटून द्यावे आणि घेणाऱ्याला महिनाभर वेगळे ठेवायला सांगावे. थोडीही शंका असेल तर देऊ नये. 'झाड आजारी आहे' एवढे सांगितले की आपल्याकडे कुणी वाईट मानत नाही.

कृषी सहायकांसाठी: बागेत सीएमव्ही किंवा पर्णगुच्छाची पाहणी करताना बांधापुरते थांबू नये. लगतच्या वस्तीतील परसबागा, मंदिराचे आवार आणि शाळेच्या बागेतील केळीही पाहावी. बाग साफ होऊनही रोग परत येत असेल तर त्याचे उगमस्थान बऱ्याचदा तिथे सापडते.